लाटसाहेबाची लेक आणि तिची आया

१८६५-६६ च्या हिवाळ्यात मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर दक्षिणेकडच्या मुलखाच्या दौऱ्यावर निघाले. पुण्याहून कोल्हापूर, तिथून बेळगाव, धारवाड, कलादगी, विजापूर, मग सोलापूर आणि परत पुणे असा तो फेरा होता. तीन महिन्यांचा प्रवास आणि सुमारे सहाशे माणसांची छावणी. एवढ्या लवाजम्यात साहेबांच्या घरची बाई एकच. तिचं नाव मेरी फ्रियर, वय वर्षं वीस. आई विलायतेला गेलेली, त्यामुळे गव्हर्नराच्या घरची यजमानीण म्हणून या पोरीलाच मिरवावं लागत होतं. सोबतीला तिची आया होती, अ‍ॅना लिबेराटा डिसोझा.

या दोघींच्या बोलण्यातून एक पुस्तक झालं. १८६८ साली लंडनच्या जॉन मरे या प्रकाशकाने ते ‘ओल्ड डेक्कन डेज’ या नावाने छापलं. डार्विनचं ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ छापणारा तोच हा जॉन मरे. या पुस्तकात चोवीस गोष्टी आहेत. हिंदुस्थानातल्या माणसाच्या तोंडून ऐकून, जागच्या जागी उतरवून घेऊन इंग्रजीत छापलेला लोककथांचा हा पहिला संग्रह मानला जातो. सोलापुरात लिंगायतांचं, पद्मशाल्यांचं, गिरण्यांचं, चादरींचं सगळं सांगणारे लोक भेटतात. या छावणीचं नाव मात्र कुणी काढत नाही. त्यात त्यांचा दोष नाही म्हणा. लाटसाहेब आला, तंबू पडले, चार दिवसांनी उठले, एवढंच गावाने पाहिलं असणार. आया मेमसाहेबाच्या लेकीला आत काय सांगते आहे, हे बाहेर कुणाला कळणार!

मेरीचा जन्म १८४५ चा, इंग्लंडातल्या ग्लॉस्टरशरमधला. शिक्षण विम्बल्डनला झालं. १८६३ मध्ये अठराव्या वर्षी ती वडिलांकडे मुंबईला आली. घराणं दोन्ही बाजूंनी हिंदुस्थानात मुरलेलं होतं. आईचे वडील सर जॉर्ज आर्थर हे १८४२ ते १८४६ मुंबईचे गव्हर्नर. बापाने साताऱ्याच्या दरबारी रेसिडेंट म्हणून काम केलेलं. शेवटचे छत्रपती आप्पासाहेब १८४८ मध्ये वारले आणि पुढच्या वर्षी राज्य खालसा झालं, ते सगळं त्याच्या डोळ्यांसमोर घडलं. लेकीला या देशाविषयी जे कुतूहल होतं, त्याचं मूळ घरातच होतं. पण कुतूहल असणाऱ्या साहेबकन्या त्या काळात पुष्कळ होत्या. त्या निसर्गाची जलरंगातली चित्रं काढत आणि घरी पत्रं धाडत. मेरीने आयेला गोष्ट सांगायला सांगितलं, इथेच तिची वाट वेगळी झाली.

मेरीने प्रस्तावनेत तो प्रसंग दिला आहे. छावणीतला लांबलचक रिकामा वेळ. हिने विचारलं, तुला एखादी गोष्ट येते का? अ‍ॅना म्हणाली, छे, ते काही जमायचं नाही. मग मेरीने पुढचा प्रश्न टाकला: अगं, तुला लेकरं आहेत, नातवंडं आहेत, त्यांना काही सांगत असशीलच की! हा प्रश्न नेमका बसला. अ‍ॅनाने आठवून पाहते म्हटलं आणि एक गोष्ट सांगितली. मग दुसरी सांगितली. मेरी ऐकताना टिपणं काढी, नंतर नीट लिहून काढी आणि लिहिलेलं अ‍ॅनाला वाचून दाखवी. चुकलं असेल तर अ‍ॅना सांगे. आज विद्यापीठात लोकसाहित्याच्या विद्यार्थ्याला जी शिस्त शिकवावी लागते, ती या वीस वर्षांच्या मुलीने कुणी न शिकवता पाळली. मला तिचं खरं कर्तृत्व इथे दिसतं. तिच्या इंग्रजी गद्याची तारीफ पुष्कळांनी केली आहे, पण गद्य चांगलं लिहिणारे तेव्हाही ढिगाने होते.

आता अ‍ॅनाविषयी. पुस्तकाच्या सुरुवातीला ‘सांगणारीची हकीगत’ असा एक भाग आहे. वेळोवेळी झालेल्या गप्पांतून मेरीने तो जुळवला आणि अ‍ॅनाची मोडकीतोडकी पण ठसकेबाज इंग्रजी शक्य तितकी तशीच ठेवली. त्यावरून कळतं ते असं. अ‍ॅनाचे आजोबा मूळचे लिंगायत, राहणारे कालिकतचे. पुढे ते गोव्याजवळ येऊन राहिले आणि तिथे बायकोमुलांसह ख्रिस्ती झाले. त्यांच्या बापाला हे समजलं तेव्हा त्याने अख्ख्या कुटुंबाला घराबाहेर काढलं. आजोबा पुढे इंग्रजी फौजेत हवालदार झाले. टिपूशी लढाई झाली तेव्हा आजी नवऱ्यामागून पलटणीबरोबर चालत राहिली. उंचीपुरी, देखणी, अंगाने दणकट बाई. वेलस्ली, मन्रो, माल्कम, एल्फिन्स्टन ही आपल्याला इतिहासाच्या पुस्तकात भेटणारी नावं या आजीच्या तोंडी शेजारपाजारच्या माणसांसारखी येत. यातल्या मन्रोनेच मे १८१८ मध्ये सोलापूरचा भुईकोट किल्ला पेशव्यांच्या फौजेकडून घेतला. आता किल्ल्यात बाग आहे, संध्याकाळी पोरं खेळतात. पलटणीमागून चालणाऱ्या बायकांची नोंद त्या लढाईच्या कागदांत शोधायला जाऊ नये. ती मिळते एका आयेच्या बोलण्यात आणि तीही तिच्या मालकिणीने लिहून घेतली म्हणून.

आई कामाला जाई आणि घरी नातवंडांना सांभाळायला आजी असे. गोष्टी आल्या त्या तिच्याकडून. अ‍ॅनाने पुढे वैधव्यात आया म्हणून नोकऱ्या केल्या, साहेबांच्या घरी राहून इंग्रजी उचललं, लेकरं वाढवली. हकीगतीत तिने महागाईवर चांगलंच तोंड सोडलं आहे. आजीच्या काळी धान्य काय भावाने मिळे आणि आता काय झालंय, हा तिचा सूर आपल्याला ओळखीचा वाटतो. त्याला कारणही होतं. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात मुंबई इलाख्यातल्या कापसाला सोन्याचा भाव आला, हातात पैसा खेळला, भाव भडकले आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच फुगा फुटून मुंबईतल्या बँका आणि पेढ्या कोसळल्या. दौरा निघाला तो याच पडझडीच्या हंगामात. गव्हर्नराच्या लेकीसमोर बसून, तिच्याच बापाच्या अमदानीतल्या महागाईची तक्रार ही बाई करते आणि लेक ती जशीच्या तशी छापते. दोघींचं मला कौतुक वाटतं, पण अ‍ॅनाचं जास्त. नोकरी तिची होती.

या प्रकरणातली सगळ्यात मजेची गोष्ट धर्माची आहे. सांगणारी ख्रिस्ती, नावावरून कॅथलिक वळणाची. लिहिणारी ख्रिस्ती, चर्च ऑफ इंग्लंडच्या घरातली आणि अतिशय श्रद्धाळू. गोष्टींत मात्र राक्षस, विक्रम महाराजा, राम-लक्ष्मण, नागराजा, जोगी, ब्राह्मण आणि कोल्हा. येशूचं नाव नाही, पापाचा उल्लेख नाही. कालिकतच्या त्या लिंगायत घराने देव बदलला, त्यापायी घरदार सोडलं, वाळीत पडणं सोसलं, पण संध्याकाळी नातवंडांना सांगायच्या गोष्टींना हात लावला नाही. मला वाटतं आजीच्या मनात हा प्रश्न उभाच राहिला नसावा. देव्हाऱ्यातली मूर्ती जाऊन क्रूस आला. चुलीपुढे पोरांना निजवायची वेळ आली की राक्षसच लागायचा.

त्याच काळात मराठी ख्रिस्ती साहित्याने छापील पुस्तकांची जी वाट धरली, ती पाहिली की हा फरक उठून दिसतो. हरी केशवजींनी बनियनच्या रूपककथेचं मराठी ‘यात्रिकक्रमण’ १८४१ मध्ये केलं. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ ची, मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचा मान आहे. दोन्ही पुस्तकं धर्म सांगायला आणि समाज सुधारायला निघालेली. अमेरिकन मराठी मिशनने १८६० च्या दशकात सोलापुरात ठाणं मांडलं, शाळा काढल्या, तिथेही वाचायला दिलं जाई ते बहुधा असलंच. त्या मंडळींना राक्षसाच्या गोष्टी म्हणजे अंधश्रद्धेचा बाजार वाटला असता. ज्या मराठी ख्रिस्ती घरात वही-दौत आली, तिथे आजीच्या गोष्टी मागे पडल्या. अ‍ॅनाच्या घरी मिशनची वही आली नाही, साहेबाच्या लेकीची आली. लक्ष्मीबाई टिळकांनी स्वतःच्या हाताने ‘स्मृतिचित्रे’ लिहिली, पण त्याला अजून बराच अवकाश होता.

गोष्टी आहेत तरी कशा? ‘सूर्याबाई’ घ्या. गवळणीची पोर गरुड उचलून नेतात आणि उंच झाडावरच्या घरात वाढवतात. एकदा ते दूर गेलेले असताना घरातला विस्तव विझतो. ती विस्तव आणायला जाते ती नेमकी राक्षसाच्या घरी. राक्षस माग काढत येतो, लोखंडी दारं धडाधड वाजवतो, ती उघडत नाहीत, आणि त्या झटापटीत त्याचं नख मोडून दारात रुतून राहतं. सकाळी पोरगी बिनघोर दार उघडते. नख हाताला लागतं, विष चढतं आणि ती निपचित पडते. पुढे शिकारीला आलेला राजा ते नख काढतो आणि ती उठून बसते. युरोपातल्या निद्रिस्त राजकन्येच्या बोटाला चरख्याची चाती टोचते, तशी हिला राक्षसाची नखी. पण चरख्याच्या गोष्टीत शाप जन्मापासून ठरलेला असतो. इथे संकट रात्री दाराशी येऊन, हात आपटून, हार खाऊन गेलेलं आहे आणि घात होतो तो सकाळी, सगळं निवांत झाल्यावर. ऐकणाऱ्या पोराला रात्रभर दारं वाजताना ऐकवायची, तो हुश्श करायला लागला की नख टोचायचं. हे कसब अ‍ॅनाच्या आजीचं.

गोष्ट तिथे संपतही नाही. थोरली राणी सूर्याबाईला तळ्यात ढकलते, तिथे सोन्याचं फूल उगवतं, फूल जाळलं तर राखेतून आंबा उगवतो आणि त्याचं फळ तिच्या गवळण आईच्याच भांड्यात येऊन पडतं. ‘सोदेवाबाई’त राजकन्येची जडावाची वहाण डोंगरावरून खाली घरंगळते, परमुलखातल्या राजपुत्राला सापडते आणि लग्न जमतं. सिंड्रेला इथपर्यंतच. अ‍ॅनाची राजकन्या जन्मतःच गळ्यात सोन्याचा हार घेऊन आलेली आहे, तिचा जीव त्या हारात आहे. सवत हार चोरून गळ्यात घालते, ही मरते. सवत रात्री हार काढून ठेवते तेवढा वेळ ही कबरीत जिवंत होते. सवत असलेल्या घरात ही गोष्ट काय दचका देत असेल!

जीव दुसरीकडे ठेवायची कल्पना ‘पंचकीन’ या जादूगाराच्या गोष्टीत कळसाला जाते. दूर घनदाट रानात ताडांचं रिंगण, रिंगणाच्या मधोमध पाण्याचे सहा घडे एकावर एक रचलेले, सहाव्याखाली पिंजरा आणि पिंजऱ्यात हिरवा पोपट. पोराने पोपटाचा पंख उपटला की जादूगाराचा हात गळून पडतो. कुणाचा जीव कशात अडकला की आपण सहज म्हणतो, त्याचा प्राण पोपटात आहे. जेम्स फ्रेझरने ‘गोल्डन बाऊ’त शरीराबाहेर ठेवलेल्या आत्म्याची जगभरातली उदाहरणं जमवली तेव्हा सुरुवातीलाच हा पंचकीन घेतला. केंब्रिजच्या पंडिताच्या टेबलावर पोपट पोहोचला तो दख्खनच्या एका आयेच्या पदराखालून.

हसवणाऱ्या गोष्टीही आहेत. म्हातारीच्या झोपडीत पाऊस गळतो आहे, ती एकेक सामान इकडून तिकडे ओढते आहे आणि करवादते आहे की बाई, वाघ परवडला, पण ही टिपटिप नको. भिंतीआड आडोशाला बसलेला वाघ हे ऐकतो आणि टिपटिप म्हणजे कुणीतरी भयंकर जनावर असणार म्हणून गारठतो. तेवढ्यात हरवलेलं गाढव शोधत कुंभार येतो, अंधारात वाघालाच गाढव समजून चोपतो, घरी नेऊन बांधतो. आपल्याकडे घरोघरी ऐकलेली गोष्ट ही. चिमणी-कावळ्याचीही आहे: पावसात कावळ्याचं घर वाहून जातं आणि चिमणी दार उघडायला कारणं सांगत राहते. सूर्य, चंद्र आणि वारा जेवायला जातात त्या छोट्या गोष्टीत सूर्य आणि वारा आपापलं खाऊन येतात, चंद्र मात्र घरी थांबलेल्या आईसाठी प्रत्येक पदार्थातलं थोडंथोडं नखांखाली लपवून आणतो. जोसेफ जेकब्जने १८९२ च्या आपल्या ‘इंडियन फेअरी टेल्स’मध्ये ही गोष्ट घेतली आणि ती इंग्रजी वाचणाऱ्या जगभरच्या मुलांपर्यंत गेली.

मेरीचं पुस्तक कसं बाहेर आलं, हे त्या मानाने सरळ आहे. १८६७ मध्ये फ्रियरची मुदत संपली, कुटुंब इंग्लंडला परतलं, पुढच्या वर्षी पुस्तक निघालं. ओळखीपाळखी होत्या, बापाचं वजन होतं, प्रकाशक मिळायला खस्ता खाव्या लागल्या नाहीत. बापाने प्रस्तावना आणि टिपा लिहिल्या, धाकटी बहीण कॅथरिनने चित्रं काढली. १८७०, १८८१, १८८९, १८९८ अशा आवृत्त्या निघत राहिल्या. जर्मन, हंगेरियन, डॅनिश भाषांतरं झाली आणि गोष्टी मराठी, गुजराती, हिंदुस्थानीत परतही आल्या. मॅक्स म्युलरला यातल्या काही गोष्टी जुन्या संस्कृत कथांशी फार जवळून जुळताना दिसल्या. पंडितांना त्याचं नवल, कारण सांगणाऱ्या आजीचा आणि संस्कृत पोथीचा काय संबंध!

तिच्या मागून ही वाट रुळली. कलकत्त्यात मेव्ह स्टोक्स या अल्पवयीन मुलीने आपल्या आयांकडून आणि नोकरांकडून ऐकलेल्या गोष्टी छापल्या, फ्लोरा अ‍ॅनी स्टीलने पंजाबातल्या जमवल्या. आपल्याकडे सी. ए. किंकेड या साहेबाने १९१४ मध्ये ‘डेक्कन नर्सरी टेल्स’मध्ये मराठी बायकांच्या व्रतकहाण्या इंग्रजीत दिल्या, चित्रं धुरंधरांची. किंकेडच्या पुस्तकात कहाणी सांगणारी बाई कुठे दिसत नाही. मेरीच्या पुस्तकात अ‍ॅना दिसते, बोलते, तक्रार करते. मुखपृष्ठावर मात्र तीही नाही. तिथे मौखिक परंपरेतून गोळा करणारी एम. फ्रियर, प्रस्तावनाकार सर बार्टल फ्रियर, चित्रकार सी. एफ. फ्रियर. सगळं एकाच घरात.

हे अन्यायाचं आहे का? आहे. पण मेरीवर तेवढाच ठपका ठेवून हात झटकणं मला पटत नाही. त्या काळात ग्रिम बंधूंनाही सांगणाऱ्या बायकांची नावं द्यायची सवय नव्हती आणि मेरीने तर अ‍ॅनाला अख्खं प्रकरण दिलं. दुसरीकडे, अलीकडे लीला प्रसाद यांनी ‘द ऑडेशस रॅकाँटर’ (२०२०) या पुस्तकात अ‍ॅनाकडे साहेबांची माहितगार म्हणून पाहायचं नाकारलं आहे. ती आपलं काय सांगायचं आणि काय राखून ठेवायचं हे जाणणारी, स्वतंत्र बुद्धीची कथेकरीण होती, असं त्यांचं म्हणणं. अ‍ॅनाची हकीगत वाचली की हे पटतं. कालिकतच्या त्या आजीच्या गोष्टी तिने इंग्रजीत सांगितल्या, म्हणजे भाषांतराचा पहिला हात तिचाच. मेरीने जे केलं त्याला संपादन म्हणता येईल. २००२ मध्ये किरीन नारायण यांनी या पुस्तकाची नवी आवृत्ती काढली, त्यांनीही आपल्या प्रस्तावनेत अ‍ॅनाला पुढे आणलं.

मेरीने त्यानंतर गोष्टींचं दुसरं पुस्तक केलं नाही. १८६९ मध्ये निनावी छापलेलं एक काव्यनाटक, काही कविता, बापाबरोबर दक्षिण आफ्रिकेचा मुक्काम. लग्न केलं नाही. उतारवयात तिचं सगळं लक्ष बायबलकडे लागलं. जुना करार मुळातून वाचता यावा म्हणून ती हिब्रू शिकली, पॅलेस्टाइनला जाऊन आली. तिने जमवलेली हिब्रू पुस्तकं आणि हस्तलिखितं केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात तिच्या नावाने ठेवलेली आहेत. १९११ मध्ये ती वारली. विसाव्या वर्षी आयेला ‘तू सांगितलंस तसंच लिहिलंय ना?’ विचारणारी मुलगी उतारवयात हिब्रू धुळाक्षरं गिरवायला बसली यात मला अजिबात विसंगती वाटत नाही.

अ‍ॅना १४ ऑगस्ट १८८७ रोजी थोड्याशा आजारानंतर गणेशखिंडीतल्या गव्हर्नराच्या बंगल्यात वारली. तो बंगला फ्रियरनेच १८६४ मध्ये बांधायला घेतला होता आणि त्याच्या खर्चावरून विलायतेपर्यंत बोंब झाली होती. आज तिथे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे.

सोलापूरच्या एखाद्या प्रकाशकाने हे पुस्तक पुन्हा मराठीत आणायचं ठरवलं तर सर बार्टलच्या टिपा खुशाल गाळाव्यात. त्या इंग्रज वाचकाला हिंदुस्थान समजावून सांगायला लिहिलेल्या आहेत आणि आपल्याला त्यातलं बहुतेक माहीत आहे. अ‍ॅनाची हकीगत मात्र आधी घ्यावी, पूर्ण घ्यावी. तिला शुद्ध, छापील मराठीत बसवू नये. कालिकतची आजी, गोव्याचं वळण, पुण्याच्या छावण्या आणि साहेबांच्या घरातलं इंग्रजी, हे सगळं एका तोंडात असलेल्या बाईची बोली कशी असेल, हे मराठी, कानडी आणि तेलुगू एकाच गल्लीत ऐकत वाढलेल्या सोलापूरकराला पुण्या-मुंबईच्या भाषांतरकारापेक्षा लवकर उमजेल. गोष्टींची सुरुवात ‘शेवंतीबाई’ने करावी. त्यातली राजकन्या पुरुषाचा वेष घेऊन, राजा म्हणून मुलूखभर फिरते, आणि मला विचाराल तर ती सूर्याबाईपेक्षा चार आणे सरसच आहे.